पाणी नको, गाडी थंड आहे

"ताई, हिले मुतखडा झाला," रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवत नागसेनभाऊ म्हणाले. बोटाला लागलेला पिवळट-तांबूस थर त्यांनी उजेडात धरला. डॉक्टर एक्स-रे धरतात तसा.

हे वाक्य ते बोलले मला, पण पाहत होते गोपालकडे. गोपाल माझा नवरा. हे नाव मी फक्त लिहिताना घेते, बोलताना तो 'अहो' असतो. गाडी माझी, चालवते मी, आणि गोपालला बॉनेट उघडायला सांगितलं की तो हमखास डिकी उघडतो. तरी गॅरेजात गेलं की सगळी माहिती त्यालाच दिली जाते आणि तोही ती मान हलवत घेतो. घरी आल्यावर मला विचारतो, "काय म्हणत होते ते?"

गाडी सतरा वर्षांची आहे. माझ्या बाबांची. बाबा, म्हणजे भगवानराव, संग्रामपूरकडे ग्रामसेवक होते. तो सगळा खारपाणपट्टा. तिथल्या बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. बाबांनी गाडीला कूलंट नावाची वस्तू कधी दाखवली नाही. सोळा वर्षं त्याच बोरचं पाणी. मी फोन करून जाब विचारला तर म्हणाले, "जे पानी मी पेलो, थेच तिले पाजलं. मी काही भेदभाव केला नाही."

मी फोन ठेवला.

आता ही गाडी नीट होणं का गरजेचं होतं ते सांगते. माझं सासर बुलढाण्यात, म्हणजे वर. माहेर धामणगाव बढ्याला, म्हणजे खाली. मधे राजूर घाट. माझी बँकेची नोकरीही धामणगाव बढ्यालाच, आणि बाळंतपणाची रजा पुढच्या सोमवारी संपत होती. ठकी सहा महिन्यांची. (पाळण्यातलं नाव काजल, पण घरात ते कुणालाच आठवत नाही.) माझा बेत साधा होता: सकाळी ठकीला घेऊन गाडीने खाली जायचं, तिला आईकडे ठेवायचं, मधल्या सुट्टीत जाऊन पाजायचं, संध्याकाळी घेऊन वर यायचं. बँकेपासून आईचं घर चार मिनिटांवर. गाडी नसेल तर दोन बस, मे महिना, आणि ठकी सकाळी सात ते संध्याकाळी सात सासूबाईंजवळ. सासूबाई तिला जिवापाड सांभाळतात, प्रश्न तो नव्हता. प्रश्न बारा तासांचा होता.

आणि गाडी घाटात तापत होती. उतरताना राणीसारखी उतरायची. चढताना दुसऱ्या वळणावर सुई लाल रेषेला टेकायची आणि बॉनेटखालून वाफ यायची. गोपाल तसा कशालाच नाही म्हणत नाही, पण या बाबतीत त्याने ठाम सांगितलं, "एकदा तरी न तापता घाट चढू दे. मगच ठकीला घेऊन एकटी जा." त्याचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

नागसेनभाऊंकडे लग्नसराईच्या गाड्यांची रांग होती. "दहा दिवसांनी आना," ते म्हणाले. मी म्हटलं, दहा दिवसांनी माझी नोकरी सुरू होऊन जुनी होईल. मग त्यांनी उपाय सांगितला. "घरीच धुवा मंग. गाडी थंडी असतानी खालचा पाइप काढून सारं पानी सोडा. पाइप लावून साधं पानी अन् ही पावडर टाका. हिटर फुल करून इंजिन चालू ठेवा, सुईवर ध्यान ठेवा. मंग बंद करा, गार होऊ द्या, सोडा. साफ पानी येत नाही तोवर पुन्हा पुन्हा. अन् झाकन गरम असतानी उघडजा नोका, तोंड भाजन. शेवटी फक्त डिस्टिल वॉटर अन् कूलंट. बोरचं एक थेंब नाही!"

हे सगळं त्यांनी गोपालला सांगितलं. मी मागे उभी राहून लिहून घेतलं.

'मुतखडा' हा शब्द आमच्या नवजीवन कॉलनीत एकदा उच्चारला की मग आवरत नाही. संध्याकाळपर्यंत कुणाला डावीकडे होता, कुणाला उजवीकडे, कुणाचा किती मिलिमीटर, हे सगळं आमच्या फाटकाशी उभं राहून सांगून झालं. त्यात खालच्या अंगाला राहणारे किसनराव काका सर्वांत पुढे, कारण त्यांचा अजून पडायचा होता. किसनराव एसटीतून निवृत्त झालेत. तीस वर्षं एसटीत होतो असं ते वाहनाच्या प्रत्येक चर्चेत सांगतात. कंडक्टर होतो हे सांगत नाहीत. शिवाय ते कॉलनीच्या पाणी समितीचे सचिव. कॉलनीची स्वतःची पाइपलाइन आहे, चार दिवसांआड पाणी येतं, आणि त्याचा सगळा कारभार काकांच्या एका निळ्या फाइलीत असतो.

सासूबाईंना त्यांची दया आली. "तुमचा कुळथाचा काढा आता मीच करून देतो भाऊ," त्या म्हणाल्या. हे वाक्य लक्षात ठेवा.

मंगळवारी सकाळी ठकी झोपल्यावर आम्ही पहिलं पाणी सोडलं. मी गाडीखाली, गोपाल टबापाशी. पाणी कसलं, खानावळीतल्या भाजीवरची तर्री. लालभडक, वर तवंग, तळाला गाळ. टब भरला. गोपालने तो उचलला, दोन पावलं चालला, आणि चप्पल निसटली म्हणून टब सोडून चप्पल धरली. या माणसाचे अग्रक्रम मला लग्नानंतर पाच वर्षांनीही कळलेले नाहीत. लाल ओघळ फाटकाखालून बाहेर पडला आणि उतारावरून काकांच्या दाराशी जाऊन थांबला.

नेमका तो नळाचा दिवस होता. काकांनी दार उघडलं, उंबऱ्याशी लाल पाणी पाहिलं आणि पाइपलाइन गंजून फुटल्याचं निदान केलं. मग त्यांनी सचिवांच्या नावे लेखी तक्रार केली. सचिव तेच. त्यांनी ती स्वीकारली, आवक क्रमांक घातला, आणि पोच म्हणून स्वतःला एक प्रत दिली. हे मी रचून सांगत नाही. ती प्रत मी डोळ्यांनी पाहिली आहे, दोन्हीकडे सही एकच.

बुधवारी सकाळी आमच्या फाटकासमोर खड्डा खोदलेला होता. कमरेइतका खोल आणि गाडीच्या रुंदीपेक्षा दोन वीत जास्त.

"काका, हे काय?" मी ठकीला कडेवर घेऊन विचारलं.

"लिकेज, सूनबाई. लाइन इथूनच जाते. सापडल्याबिगर बुजवता येत नाही."

"पण ते पाणी..." मी म्हणाले, आणि गोपालने माझा पदर ओढला. आत गेल्यावर म्हणाला, "राहू दे. रागावतील. मिळालं नाही लिकेज की बुजवतील आपोआप."

खरं बोलायची वेळ ही एसटीसारखी असते. एक सुटली की पुढची कधी येईल सांगता येत नाही. आम्ही ती सोडली.

खड्ड्यामुळे गाडी अंगणात कोंडली गेली, पण धुणं तर अंगणातच करायचं होतं. आम्ही पावडर टाकून दुसरी फेरी केली. मे महिन्याच्या दुपारी हिटर पूर्ण चालू करून मी गाडीत बसले. चारही दारं उघडी, तरी पापड भाजून निघावा तशी मी भाजत होते. वीस मिनिटांनी मी बाहेर आले तेव्हा ठकीने मला ओळखलं नाही, आजीच्या खांद्यात तोंड लपवलं. सहा महिन्यांत एवढा अपमान मला कुणी केला नव्हता.

गाडी गार झाल्यावर टब पुन्हा भरला. आता हे पाणी कुठे टाकायचं? गल्लीत नको, झाडांना नको, पावडर आहे. गोपाल म्हणाला, "खड्डा आहे की."

आणि मी, बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहणारी शहाणी बाई, हो म्हणाले.

संध्याकाळी बाहेरून आरोळी आली, "सापडलं बे! सापडलं!" काका खड्ड्याच्या काठावर उभे होते. तळाशी लाल पाणी. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असं, की मोजणीवाल्याने त्यांच्याच बाजूने हद्द दाखवली असावी. गुरुवारी सकाळी खोदणारे परत आले आणि खड्डा छातीपर्यंत गेला.

गुरुवारी तिसरी फेरी. सासूबाईंनी काढा करून तो मोठ्या पातेल्यात ओट्यावर निवत ठेवला होता. गोपालने पावडर कालवायला मी ठेवलेली बादली सोडून ते पातेलं उचललं. रंग तपकिरी, तळाशी गाळ, त्याच्या दृष्टीने फरक काहीच नव्हता. मी ठकीला झोपवून बाहेर आले तेव्हा इंजिन चालू होतं आणि अंगणात सासरी गेल्या गेल्या आजारी पडलेल्या नवरीला देतात तसल्या काढ्याचा वास सुटला होता.

"अहो, बादली तर इथेच आहे."

"मग मी काय ओतलं?"

सासूबाई दारात येऊन पातेलं शोधत होत्या. त्यांना कळलं तेव्हा त्या जराही चिडल्या नाहीत. "असू दे वो. माह्या भावाचा याच्यानंच पडला," त्या म्हणाल्या, आणि गाडीकडे आशेने पाहत बसल्या.

ती फेरीही खड्ड्यात गेली. काका पाहणीला आले, वाकले, हात बुडवला, बोटं नाकाशी नेली. मग पुन्हा एकदा नेली.

"याले कुळथाचा वास येऊन राह्यला," ते हळू आवाजात म्हणाले.

कॉलनीतल्या दुसऱ्या कुणालाही हे ओळखता आलं नसतं. पण काका आठवड्यातून तीनदा तो काढा पितात. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे पाहिलं, ओल्या टबाकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी सगळं सांगून टाकलं. चप्पल, टब, पदर, सगळं.

ते निळी फाइल काखेत घेऊन घरी निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी खड्डा बुजवायचा अर्ज घेऊन गेले. "नियम हाय," काका माझ्याकडे न पाहता म्हणाले. "खोदकाम बंद कराले सात मेंबरापैकी पाच सह्या लागतात. तिघंच गावात हायत. बाकीचे दुसरबीडले लग्नाले गेले, मंगळवारी येतीन."

"काका, माझी रजा सोमवारी संपते."

"नाही तं तक्रारदारानं तक्रार वापस घ्यावी लागते."

"तक्रारदार तुम्हीच आहात ना?"

"म्हंजे मी लिहून देऊ, का मले कुळथाचं पानी अन् पाइपाचं पानी वळखू आलं नाही? कंडक्टर असलो तं काय झालं, तीस वर्स एसटीत होतो मी!"

पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला होता. ठकी माझ्या मांडीवरून सरकत टेबलापर्यंत गेली आणि तिने फाइलीच्या दोरीचं टोक तोंडात घातलं. काकांनी ते काढून घेतलं नाही.

"घाटात किती वर्षं होतात?" मी विचारलं.

"मलकापूर गाडीवर? अकरा. रोज दोन चक्कर." ते खिडकीबाहेर पाहायला लागले. "रिटायर झाल्यापासून एकडाव उतरलो नाही. कायले उतरन? काम काय?"

मी म्हटलं, "काका, रविवारी गाडी घाटात चढवून पाहायची आहे. यांना काही कळत नाही. सुईवर लक्ष ठेवायला जाणकार माणूस पाहिजे."

काकांनी फाइलीतून एक कोरा कागद काढला, त्याची ठकीच्या लाळेने ओली झालेली कड फाडली, आणि सचिवांच्या नावे लिहिलं की तक्रारदाराचे समाधान झाले असल्याने तक्रार मागे घेण्यात येत आहे. सचिवांनी ते मंजूर केलं. शनिवारी खड्डा बुजला.

मधल्या काळात आम्ही आणखी चार फेऱ्या केल्या. पाणी तर्रीवरून चहावर आलं, चहावरून पन्ह्यावर, आणि शनिवारी दुपारी सातव्या फेरीला टबाच्या तळाशी असलेलं बदकाचं चित्र दिसलं. (टब ठकीचा जुना होता, आता तो गाडीचाच.) बदक दिसल्यावर मी जेवढी हसले तेवढी बारावीच्या निकालालाही हसले नव्हते. मग डिस्टिल वॉटर, हिरवं कूलंट, झाकण घट्ट.

रविवारी निघालो. मी चालवायला, शेजारी काका इस्त्रीच्या शर्टात, मागे गोपाल आणि ठकीला घेऊन सासूबाई. काकांचं म्हणणं पडलं की परत येताना घाट भर दुपारी चढवायचा. "सकाळी तं बैलगाडीबी चढते."

माहेरी गाडी थांबायचा अवकाश, बाबा सवयीने भरलेली बादली घेऊन बाहेर आले आणि बॉनेटकडे वळले.

"बाबा, नाही!"

मी एवढ्या जोरात ओरडले की ठकी दचकली. बाबा बादली धरून तसेच उभे राहिले. सोळा वर्षं गाडी आली की ते हेच करत आलेत. मी त्यांना आठवडाभराची हकिकत सांगितली. बादलीतल्या पाण्याकडे पाहत त्यांनी ती ऐकली. मग विचारलं, "चाकांले तं चालते ना?"

"चाकांना चालतं."

त्यांनी चारही चाकांवर थोडं थोडं पाणी ओतलं. हात लावून, एकेका चाकावर.

दुपारी अडीचला आम्ही राजूरहून घाट चढायला लागलो. एसी बंद, काचा उघड्या, वारा तव्यावरून आल्यासारखा. बोलत होते फक्त काका. "पहिलं वळन. सुई मधात." पुढे, "दुसरं वळन. मधात." दुसऱ्या वळणाला गोपालने डोळे मिटले, मला आरशात दिसलं. सुई हलली नाही. "हलली नाही!" काका एवढ्या आवाजात म्हणाले, की ठकी जागी झाली.

आणि जागी झाल्यावर तिला आठवलं की आपल्याला भूक लागली आहे. सासूबाईंनी चमचा वाजवला, गोपालने माकडाचं तोंड केलं. माकडाला पाहून ती आणखी रडली. तिसऱ्या वळणापुढे कडेला जागा दिसली तिथे मी गाडी उभी केली, मागे जाऊन बसले आणि पदर घेतला.

आता एक गोष्ट. मे महिन्यात घाटात गाडी उभी दिसली की आमच्याकडे कुणी पुढे जात नाही. पाणी असेल तेवढं घेऊन उतरतात. हे कुणी शिकवलेलं नाही, असंच आहे. आधी एक मोटारसायकल थांबली, दोघं बाटल्या घेऊन आले. मग कांद्याचा टेम्पो थांबला, ड्रायव्हर वीस लिटरची कॅनच घेऊन उतरला. वरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून ओरडून विचारलं, "पानी हाय का?" कॅनवाल्याचा हात बॉनेटवर पडला. सात फेऱ्या, एक खड्डा आणि बदक माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मला उठता येत नव्हतं. गोपाल धडपडत उतरला आणि त्याने डिकी उघडली.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. किसनराव काका खाली उतरले, रस्त्यात उभे राहिले, आणि अकरा वर्षं मलकापूर गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचलेल्या आवाजात ओरडले:

"पानी नोको! गाडी थंडी हाय!"

सगळे थांबले. टेम्पोवाल्याने बॉनेटवरचा हात न काढता विचारलं, "मंग थांबले काऊन, बावाजी?"

काकांनी एकदा गाडीकडे पाहिलं, लगेच मान वळवली. कान लाल झाले होते. घसा खाकरून ते म्हणाले, "अंदर एक सवारी जेवून राह्यली."

टेम्पोवाल्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याने हात काढला, कॅन खाली ठेवली आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मोटारसायकलवालेही वळले. पुढे जे जे थांबले त्यांना काका हाताने पुढे काढत होते, "चालू द्या, चालू द्या, सवारी जेवून राह्यली," आणि त्या तीन पाठींच्या आड ठकी निवांत, दोन्ही बाजूंनी, पोटभर प्याली.

सोमवारी मी तिला घेऊन कामावर गेले. मधल्या सुट्टीत चार मिनिटं जाताना, चार मिनिटं येताना, मधे ती. संध्याकाळी वर येताना मागच्या सीटवर आता किसनराव काका असतात, ठकीला मांडीवर घेऊन. धामणगावाला त्यांचं रोज काहीतरी काम निघतं. काय ते मी विचारत नाही. तिसऱ्या वळणापुढे ठकी रोज रडते, मी रोज थांबते, आणि काका उतरून रस्त्यात उभे राहतात.

त्या रविवारी ठकीचं झाल्यावर मला कळलं की माझा घसा पार सुकून गेला आहे. टेम्पोवाला कॅन उचलून निघालाच होता. मी खिडकीतून हात बाहेर काढला.

"भाऊ, गाडीला नको. मला द्या."

त्याने माझ्या ओंजळीत धार धरली. पाणी बोरचं होतं, चांगलंच खारट. गाडीला चाललं नसतं. मी मात्र पोट भरेपर्यंत प्याले.